भट्टीत न गेलेल्या नळ्या

काचेची भांडी धुणं हे काम ज्याला हलकं वाटतं, त्यानं आयुष्यात एकही भांडं नीट धुतलेलं नसतं, असं काचमावशीचं ठाम मत होतं, आणि समोरच्याची पदवी न विचारता ती ते ऐकवायची. संशोधन केंद्राच्या पहिल्या मजल्यावरची धुण्याची खोली एकोणीस वर्षं तिच्या ताब्यात होती. दोन खोल सिंक, तीन जाडीचे ब्रश, गाळलेल्या पाण्याचे कॅन आणि भिंतीवरच्या खुंट्यांना उलट्या टांगलेल्या काचनळ्या. नळी धुतली की ती उजेडाकडे धरायची. पाणी एकसारखं खाली उतरलं तर नळी पास, कुठं थेंब अडून बसला तर नापास. नापास नळी पुन्हा धुवायची, आणि तीनदा नापास झाली तर सरळ फेकून द्यायची. माणसांनाही हाच नियम लावला असता तर केंद्रात बरीच जागा मोकळी झाली असती, असं ती म्हणायची, आणि ज्यांनी मनाला लावून घ्यायचं ते नेमके हसून सोडून द्यायचे.

सांध्यांच्या अभ्यासाला लागणाऱ्या नळ्यांचे लाड जरा जास्त असत. त्या धुऊन वाळल्या की तळघरातल्या भट्टीत न्यायच्या, अडीचशे अंशांवर तीन तास कोरड्या भाजायच्या, गार झाल्या की तोंडाला चंदेरी कागद लावून वर आणायच्या. हा नियम तिच्या आधीपासून चालत आलेला होता. तो कशासाठी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. शिकलेल्या माणसांच्या खोडी असतात, आपण कशाला खोलात जा, असा तिचा हिशेब.

लिफ्ट तळमजल्यापर्यंतच जायची. तिथून खाली तळघरात सव्वीस पायऱ्या होत्या, आणि काचमावशीचे गुडघे गेले होते. एकदम गेले नाहीत. आधी सकाळी अंथरुणातून उठताना आखडायला लागले, मग बसलं की उठताना कुरकुरायला लागले, आणि शेवटी पायऱ्या उतरताना अशी काही कळ येऊ लागली की डोळ्यांत पाणी यायचं. चढणं त्या मानानं परवडायचं. उतरणं नको व्हायचं.

चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी, हातात चाळीस नळ्यांचा ट्रे घेऊन ती उतरत होती, आणि नवव्या पायरीवर उजव्या गुडघ्यानं दगा दिला. ती तिथंच मटकन बसली. ट्रे मांडीवर घट्ट धरलेला होता, एकही नळी फुटली नाही. पाव तास ती त्या थंड पायरीवर बसून राहिली. कुणी आलं नाही, आणि कुणी आलं नाही हेच बरं झालं असं तिला वाटलं. मग भिंतीला धरून उठली, वर गेली आणि नळ्या कुकरमध्ये लावल्या.

कुकर म्हणजे तिच्या खोलीला लागूनच असलेलं वाफेचं मोठं मशीन. दाबाखालची वाफ आत सोडली की जंतूंची खैर नाही. ऑपरेशनची हत्यारंसुद्धा असल्याच मशीनमधून निघतात. जंतू मारायचेत ना? मग मेले की. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. मग मेलेल्याला आणखी तीन तास भाजून कुणाचं भलं होणार होतं? तिनं नळ्यांना चंदेरी कागद लावला आणि जागेवर नेऊन ठेवल्या. कुणाला फरक कळला नाही. दुसऱ्या आठवड्यातही तेच केलं, आणि मग तोच नियम झाला.

तिनं वरच्यांना सांगितलं का नाही, असं कुणीही विचारेल. केंद्रातला ओझी वाहणारा शिपाई पाठ धरली म्हणून सांगायला गेला होता. महिन्याभरात त्याला सन्मानानं घरी बसवलं, हार घालून. हार काचमावशीनंच आणला होता. तिला अजून चार वर्षं काम करायचं होतं, आणि तिच्याइतकी काच कुणाला कळत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. सांगून हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्याची खरी झळ लागायची होती ती ताईला.

ताई तिची थोरली बहीण, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवायची. आवाज असा की शेवटच्या बाकावरची डुलकी जागी व्हावी. आता वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे पार बाद, राहायला तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. आठ महिने ती दारातून बाहेर पडली नव्हती. "जगातल्या नद्या मला पाठ आहेत," ती म्हणायची, "आणि न्हाणीघरापर्यंतची वाट संपता संपत नाही." लोक हसायचे. काचमावशी रोज संध्याकाळी कामावरून तिच्याकडे यायची, भाजी चिरून ठेवायची, तिचे केस विंचरून द्यायची आणि मग आपल्या घरी जायची.

ताईला दुखण्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली होती. पंचवीस वर्षं प्रत्येक डॉक्टरानं, प्रत्येक नातलगानं, दाराशी दूध ठेवून जाणाऱ्या बाईनंसुद्धा तिला एकच ऐकवलं होतं: वजन कमी करा. ताई मुळात हाडापेरानं मोठी. तिनं उपाशी राहून पाहिलं, निम्मं जेवून पाहिलं, एक वर्ष भातावरची वासना मारली. गुडघे दुखायचे राहिले नाहीत. शेवटी तिनं मान्यच करून टाकलं, की हे आपलं आपणच केलंय. एवढी ताठ बाई, पण डॉक्टरांच्या दारात शिरताना खांदे पाडून शिरायची. ते काचमावशीला बघवायचं नाही.

म्हणून केंद्रात सांध्यांचा अभ्यास निघाला तेव्हा तिनंच ताईचं नाव पुढं केलं. अभ्यास डॉक्टरबाईंचा. त्या मोठ्या हुशार, बोलायला गोड, आणि कामात इतक्या बुडालेल्या की समोरून हत्ती गेला तरी नंतर शेपटीबद्दल विचारतील. झिजलेल्या गुडघ्यांचे साठ पेशंट त्यांनी निवडले होते. प्रत्येकाच्या गुडघ्यातलं पाणी सुईनं काढून काचनळीत घ्यायचं आणि त्यात जंतूंचे काही अंश सापडतात का ते पाहायचं. त्याआधी तीस अशा लोकांचं पाणी घेतलं होतं ज्यांचे गुडघे झिजलेले नव्हते, नुसते मार लागून ऑपरेशनला आले होते. या तीस जणांत जवळजवळ काही सापडलं नाही. साठ जणांत भरपूर सापडलं. केंद्रात पेढे वाटायचे तेवढे राहिले.

आणि मग डॉक्टरबाईंनी सगळ्या पेशंटांना सभागृहात बोलावलं, निकाल समजावून सांगायला.

ताईला दोघांनी खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. काचमावशी तिच्या शेजारी बसली, अंगावर कामाचा निळा कोट तसाच.

"तुमच्या गुडघ्यात जिवंत जंतू नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणी घाबरू नका. जंतू मेलेले आहेत. आतड्यात ते कोट्यवधी असतात, मरतात, त्यांच्या कवचाचे तुकडे होतात. आतड्याची भिंत जराशी सैल पडली की ते तुकडे रक्तात उतरतात आणि फिरत फिरत सांध्यात येऊन बसतात. सांध्यात आपले पहारेकरी असतात. त्या बिचाऱ्यांना चोर जिवंत की मेलेला हे कळत नाही. नुसती चोराची टोपी दिसली तरी ते शिट्ट्या मारत सुटतात, दंगा करतात. ती सूज, तो ठणका, म्हणजे तो दंगा. आणि त्या दंग्यात गुडघा आणखी खराब होतो. आम्हाला तरी असं दिसतंय."

ताईनं वर्गात मुली करतात तसा हात वर केला.

"म्हणजे हे माझ्या वजनामुळे नाही?"

"वजनाचा भार असतोच," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण सगळा दोष त्याचा नाही. तुमचाही नाही."

ताईनं हात खाली घेतला. तिचे खांदे मात्र हळूहळू वर आले, आणि ती खुर्चीत अशी बसली जशी ती पूर्वी वर्गात बसायची. काचमावशीला हुंदका आवरला नाही.

डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. ते तुकडे पकडून निकामी करणारं एक औषध आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वीस जणांना देऊन पाहायचं. औषध साधं नाही, यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल. वीस जणांत ताईचं नाव तिसरं होतं.

मागच्या रांगेत निवृत्त बस-ड्रायव्हर बसले होते. तपासणीच्या दिवशी ताईशी त्यांची ओळख झाली होती, आणि तेव्हापासून दोघं फोनवर एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. ते उठून म्हणाले, "बाई, मेलेलंच आहे तर औषध कशाला? उकळलं की झालं! आम्हाला एकेकदा कुकरमध्ये बसवा."

सगळे हसले. डॉक्टरबाईही हसल्या.

"काका, तीच तर गोम आहे. वाफेनं जंतू मरतात, पण कवच तसंच राहतं. त्याला कोरडी, कडक आच लागते. अडीचशे अंश. आम्ही नळ्यासुद्धा तशाच भाजून घेतो, नाहीतर नळीलाच चिकटलेले तुकडे आम्ही तुमच्या गुडघ्यातले म्हणून मोजत बसायचो." आणि त्यांनी हात पुढं केला. "ते श्रेय आमच्या काचमावशींचं. त्यांच्याशिवाय हा अभ्यास झालाच नसता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं तिचा हात हातात घेऊन दाबला. काचमावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला टाळ्या ऐकू येत होत्या, पण कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत वाजल्यासारख्या.

त्या संध्याकाळी तिनं ताईचे केस विंचरले तेव्हा ताई बोलतच होती. औषध लागू पडलं तर आधी स्वतःच्या पायांनी खाली उतरायचं. रस्त्याच्या टोकाला नवीन पूल झालाय म्हणतात, तो बघायचा. मग ज्यांनी ज्यांनी वजनावरून ऐकवलं त्यांची यादी करायची. "यादी लांब आहे," ताई म्हणाली, "तेवढं तरी मला जगायला हवं." काचमावशी हं हं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. नळ्या तीनदा धुतलेल्या होत्या. एवढी स्वच्छ नळी, तिला काय चिकटणार? मग गाळलेल्या पाण्याच्या कॅनकडे तिची नजर गेली. कॅन कधी कधी चार-चार दिवस उघडा असायचा. त्या पाण्यात जंतू वाढत असणार, शेवटचं धुणं त्याच पाण्याचं, आणि मग कुकरमध्ये ते सगळे मरून कवचं तिथंच काचेला वाळून बसत असणार. उजेडाकडे धरून ते दिसणारं नव्हतं. एकोणीस वर्षं ती नळ्यांना पास-नापास करत आली होती, आणि जे पाहायचं होतं ते डोळ्याला दिसणारंच नव्हतं.

एक आशा उरली होती. मोजणीचं काम करणारे गृहस्थ रिकामी नळीही तपासतात, हे तिनं ऐकलं होतं. ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, रिकाम्या नळीत काही निघतं का हो कधी?"

"शून्य," ते अभिमानानं म्हणाले. "दर वेळी शून्य. तुमची कृपा." आणि त्यांनी खण उघडून पेटी दाखवली. "यातलीच एकेक काढतो. थोडं लागतं, त्यामुळे पुरलीय."

पेटीच्या झाकणावर तिच्याच अक्षरातली तारीख होती. सतरा महिन्यांपूर्वीची. त्या नळ्या तिनं स्वतः खाली नेऊन भाजल्या होत्या. पेशंटांच्या नळ्या एका पेटीतल्या आणि रिकाम्या नळ्या दुसऱ्या. धुणारी एकच म्हणून कुणाच्या मनात शंका आली नव्हती.

"एकच कोडं आहे," मोजणीवाले सहज म्हणाले. "साठातले पहिले चार. त्यांच्यात फारसं काहीच सापडत नाही. बाई म्हणतात, त्यांचा आजार वेगळ्या जातीचा असेल."

काचमावशीला पहिले चार आठवत होते. त्यांच्या आणि आधीच्या तीस जणांच्या नळ्या तिनं तळघरातून आणल्या होत्या. पाचव्या पेशंटाच्या आठवड्यात ती नवव्या पायरीवर बसली होती.

तीन दिवस तिनं गप्प राहून पाहिलं. हे सांगताना मला तिची बाजू घ्यावीशी वाटते, आणि मी घेणार. गप्प राहणं सोपं होतं. तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ताईला औषध मिळालं असतं, तिचे खांदे वर राहिले असते. पण गुडघ्यात ते तुकडे नसतीलच, तर ताई त्र्याहत्तराव्या वर्षी यकृतावर ताण देणारं औषध कशासाठी घेणार? आणि ताईच्या मागं आणखी एकोणीस जण. तिला घास गिळवेना. ताईनं विचारलं, "तुला काय झालंय?" ती म्हणाली, "दाढ दुखतेय." खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

चौथ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"बाई, मी चौदा महिने नळ्या भट्टीत नेल्या नाहीत. कुकरमध्ये लावल्या."

डॉक्टरबाई काहीतरी लिहीत होत्या. आधी त्या ओळ पुरी करून वर पाहायला गेल्या, आणि अर्ध्यात थांबल्या.

"कधीपासून, म्हणालात?"

तिनं तारीख सांगितली.

"रिकाम्या नळ्या?"

"त्या जुन्या पेटीतल्या. भाजलेल्या."

"पहिले चार," डॉक्टरबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत ते?" त्यांचा गोड आवाज कुठंच नव्हता. "अडीच वर्षं. साठ माणसांना सुया टोचल्या मी."

"कळतंय. म्हणूनच आले."

"अहो, पण का? तीन तासांचं काम, त्यातही मशीनच भाजतं, तुम्हाला नुसतं नेऊन ठेवायचं होतं!"

"पायऱ्या उतरवत नाहीत, बाई. गुडघे दुखतात."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. साठ लोकांचे गुडघे त्यांनी बोटांनी चाचपले होते, पाण्याचा थेंब न् थेंब मोजला होता, आणि रोज सकाळी ट्रे घेऊन खुरडत समोरून जाणारी बाई त्यांना कधी दिसली नव्हती. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो हा. दोष काचमावशीचा होताच, पण तो एकटीचा नव्हता, आणि ते त्या खोलीतल्या दोघींनाही त्या क्षणी कळलं.

"मला सांगायचंत तरी," त्या हळू म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर मलाही हार घातला असता तुम्ही."

काचमावशीनंच पुढं विचारलं, "मग ते तुकडे गुडघ्यात नाहीतच का?"

"असतीलही. नसतीलही. इतरांनाही सापडलेत, म्हणून तर मी शोधायला निघाले. पण माझ्या नळ्यांवरून आता मला काहीच सांगता येणार नाही." त्यांनी कपाळ दाबून धरलं. "औषध थांबवावं लागेल. सगळ्यांचं पाणी पुन्हा काढायचं. दोन वर्षं तरी जातील."

दोनच दिवसांत चार माणसांनी भट्टी तळघरातून उचलून पहिल्या मजल्यावर आणून ठेवली, धुण्याच्या खोलीशेजारी. एका तासाचं काम होतं. काचमावशी दारात उभी राहून बघत होती, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना.

तिला कामावरून काढलं नाही. काढावं असं म्हणणारे केंद्रात होते, आणि त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. डॉक्टरबाईंनी एकच सांगितलं: साठ जणांना कळवायला हवं, आणि ते पत्रानं कळवण्यासारखं नाही. "मी करते फोन," काचमावशी म्हणाली. "चूक माझी आहे, तोंडही माझंच हवं."

तिनं खरंच केले. धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसून, एकेक नंबर लावून. "मी नळ्या धुणारी बाई बोलतेय. तुमची नळी मी नीट भाजली नव्हती." काहींना काही कळलंच नाही, त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं. एकानं शिव्या घातल्या. एक आजी म्हणाल्या, जाऊ दे गं बाळा, आणि ते शिव्यांपेक्षा जड गेलं. दोघांच्या घरून सांगितलं की ते आता हयात नाहीत. सात जण म्हणाले, पुन्हा सुई नको. तिनं सगळं वहीत लिहून ठेवलं. एकोणसाठ फोन झाले, आणि ताईचं नाव तसंच राहिलं. त्या नावाला फोन करायची गरज नव्हती, ती तर रोज संध्याकाळी तिथं जातच होती. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला.

त्या दिवशी ती ताईकडे पोचली तेव्हा भाजी आधीच चिरून ठेवलेली होती. ताई खिडकीशी बसली होती. केस तिनं स्वतःच कसेबसे बांधले होते.

"ड्रायव्हरसाहेबांचा फोन आला होता," ताई म्हणाली. "ते म्हणाले, तुमच्या बहिणीनं फार हिमतीनं सांगितलं हो. मी म्हटलं, हो, धीट आहे ती."

काचमावशी दारातच उभी राहिली.

"एकोणसाठ लोकांना सांगितलंस. मला शेवटी?"

"ताई, मला धीर होईना."

"त्यांच्यापुढं झालं. माझ्यापुढं होईना." ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला ड्रायव्हरसाहेबांकडून कळावं?"

काचमावशीनं सगळं सांगितलं. पायऱ्या, कुकर, पेटी, पहिले चार. ताईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे परत माझं वजनच."

"तसं नाही, ताई. बाई म्हणाल्या, असेलही, नसेलही. अजून कळलेलं नाही, एवढंच."

"तुझ्या बाईंचं ठीक आहे. त्यांना कळेपर्यंत थांबता येतं." ताईनं आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. "तीन आठवडे मी किती सुखात होते, तुला माहीत आहे? रात्री दुखायला लागलं की मी म्हणायची, दुखा बापडे, माझा काही गुन्हा नाही."

काचमावशीला रडू फुटलं. तिनं ते थोपवलं नाही.

"तू गप्प बसली असतीस तर मला औषध मिळालं असतं ना?"

"हो."

"आणि ते फुकट गेलं असतं तर?"

"तर तुला आणखीच काहीतरी झालं असतं. म्हणून नाही राहवलं मला."

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. खाली कुणीतरी गाडीचं दार आपटलं. दोन वर्षं म्हणजे ताई पंचाहत्तर. हे दोघींच्याही मनात आलं.

"तुझे गुडघे एवढे दुखतात, हे मला तरी सांगायचंस," ताई म्हणाली. "रोज तीन मजले चढून येतेस. मी विचारलं तर म्हणायचीस, काही नाही, दमलेय."

"तुझ्यापुढं माझ्या दुखण्याचं काय सांगायचं?"

"मूर्ख आहेस." ताईनं डोळे पुसले, आणि ते पुसताना कुणी पाहू नये म्हणून चेहरा वळवला. "सुई कधी आहे?"

"गुरुवारी. बाई घरी येणार आहेत, तुला उतरायला नको म्हणून. तू नको म्हणालीस तरी चालेल. सात जण म्हणालेत."

"मी नाही म्हणणार नाही. पण आता जा तू. गुरुवारपर्यंत येऊ नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाही."

"जेवणाचं?"

"जा म्हटलं ना."

काचमावशीनं पिशवी उचलली आणि बाहेर पडली. दार मागं लागल्याचा आवाज आला नाही. जिन्यात उजेड कमी होता. ती आडवी वळली, डावा पाय खाली टेकवला, मग उजवा त्याच पायरीवर आणला, तोंड मिटून कळ गिळली. मग पुढची पायरी. पाच-सहा पायऱ्या उतरली असेल तेव्हा वरून फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. थांबून, पुन्हा ओढल्याचा. खुर्चीचा.

तिनं मान वर केली. ताई दाराबाहेर आली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा, स्वतःच्या पायांवर, खुर्चीच्या पाठीला धरून, ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि धापा टाकत होती. चेहरा रागानं लाल होता.

"कठडा धर!" ती वर्गातल्या आवाजात ओरडली.

काचमावशीनं कठडा धरला.